पगाराचे कागद : किती ठेवावे, किती टाळावे



आपल्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा प्रथम आम्ही नकारच देणार होतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले ते तांदूळ, गहू, तूर आणि मूग यांच्या पोत्यांत, आणि लेखणीचा उपयोग घडला तो किर्द-खतावणीपुरता. परंतु विषय निवडण्याची मोकळीक दिली गेल्यामुळे, गेली दोन वर्षे जी एक गोष्ट मनात घर करून बसली आहे ती आपणांपुढे मांडावी, असे ठरविले. गोष्ट वरवर क्षुल्लक आहे. ती आहे आपल्या पेढीवरील नोकर-हमालांच्या पगाराच्या कागदांविषयी. ज्या स्मरणिकेत अर्धी पाने जाहिरातींची असतात, तीत कागद वाचविण्याचा उपदेश करणे काहीसे हास्यास्पद आहे, हे आम्ही जाणतो. तथापि वाचकांनी शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती आहे, कारण वस्तुतः हा प्रश्न कागदाचा नाही, विश्वासाचा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात, मृगापूर्वी करावयाच्या साफसफाईसाठी आम्ही वखारीवरील माळा उघडला. गोमंतकातील पावसाळा आणि वाळवी यांचे सख्य आपणांस नव्याने सांगावयास नको. शिवाय वाळवंटीचे पाणी बाजारपेठेत शिरल्याच्या आठवणी कोणाही साखळीकरास आहेत. माळ्यावर पगाराच्या कागदांची गाठोडी होती. काहींना वाळवीने आतून पोखरून केवळ कवच शिल्लक ठेवले होते. काही ओलीने एकमेकांस अशी चिकटली होती की ती सोडविताच तुकडे व्हावेत. आमच्या चिरंजीवांनी विचारले, "बाबा, हे कोणी कधी वाचले आहे काय?" आम्ही उत्तर देऊ शकलो नाही.

त्याच दिवशी आम्ही मुनिमांना सोबत घेऊन हिशेब मांडला. आमच्या पेढीवर हमाल, तोलणारे आणि कचेरीतील मंडळी मिळून चौदा माणसे. त्यांच्या एका महिन्याच्या पगारासाठी आम्ही किती कागद लिहीत होतो? हजेरीपत्रकाचे दोन ताव, एक कच्चा व एक पक्का. पगारपत्रकाच्या तीन प्रती. प्रत्येकाचे एक याप्रमाणे चौदा व्हाउचर. प्रत्येकाच्या दोन याप्रमाणे अठ्ठावीस पगारपावत्या. उचलीच्या चिठ्ठ्या सरासरी चाळीस. रजेचे अर्ज पाच. आणि विम्याच्या भरण्याच्या छापील व झेरॉक्स प्रती मिळून चार. बेरीज झाली ९६. वर्षाचे ११५२. आम्ही ठोक व्यापारी, वजनात विचार करणारे. म्हणून वजनही काढले. कचेरीतील नेहमीच्या ए-फोर कागदाचा एक ताव पाच ग्रॅमचा, पाचशे तावांचे रीम अडीच किलोचे. सर्व चिठ्ठ्या पूर्ण तावाच्या धरल्या तरी वर्षाचा कागद पावणेसहा किलो. एका पोत्याचा कोपराही भरणार नाही.

तेव्हा कागदाच्या किमतीत बचत करून कोणी श्रीमंत होईल, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जो कोणी तसे सांगेल त्यास व्यापार ठाऊक नाही. मुनिमांचे महिन्यातील जवळजवळ चार दिवस मात्र या ९६ कागदांत जात होते. एकच आकडा पाच ठिकाणी उतरवावयाचा, आणि पाचांपैकी एका ठिकाणी चुकला की कोणता खरा हे शोधण्यात सहावा कागद खर्ची घालावयाचा! आणि या सर्व खटाटोपाचे फळ काय, हे आम्हांस त्याच साफसफाईत कळले. ते सांगण्यास संकोच वाटतो. परंतु दोष आमचा आहे, म्हणून सांगतो.

आमच्याकडे विजापूरकडील एक हमाल एकोणीस वर्षे काम करीत आहे. त्याचे नाव येथे देत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या जून महिन्यात, मुलीच्या शाळाप्रवेशासाठी त्याने दोन वेळा उचल घेतली : एकदा चार हजार, एकदा दोन हजार. दुसऱ्या उचलीची चिठ्ठी आम्ही स्वतः वखारीत लिहिली. त्याच रकमेची चिठ्ठी चिरंजीवांनी गल्ल्यावर लिहिली, कारण पैसे गल्ल्यातून गेले होते. दोन्ही चिठ्ठ्या मुनिमांकडे पोहोचल्या. जुलै ते ऑक्टोबर दरमहा दोन हजार याप्रमाणे आठ हजार रुपये कापले गेले. घेतले होते सहा.

तिसऱ्या हप्त्याच्या वेळी तो आमच्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "शेठ, हिशेब जास्त वाटतो." आम्ही मुनिमांकरवी गठ्ठा मागविला, चिठ्ठ्या काढल्या आणि त्यास म्हणालो, "हा बघ तुझा अंगठा." अंगठा त्याचाच होता. दोन्ही चिठ्ठ्यांवर होता. आपण ज्यावर अंगठा उमटविला ते काय आहे, हे वाचण्याची सोय त्यास नव्हती. आणि अंगठा दिसल्यावर चिठ्ठ्यांवरील तारीख पाहण्याची गरज आम्हांस वाटली नाही. तो गप्प राहिला आणि पोते उचलावयास गेला.

माळ्यावरील गाठोडे सोडविताना त्या दोन चिठ्ठ्या एकमेकींस चिकटलेल्या निघाल्या. तारीख एक, रक्कम एक, कारण एक. आम्ही त्याच सायंकाळी त्यास बोलावून दोन हजार रुपये दिले व क्षमा मागितली. त्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि कोणताही राग न दाखविता म्हणाला, "कागद तुमचा होता शेठ, मी काय बोलणार?"

वाचकहो, व्यापारात आम्ही अनेक बोल ऐकले आहेत. परंतु या वाक्यासारखे दुसरे आमच्या वर्मी लागले नाही. दरमहा ९६ कागद आम्ही लिहीत होतो, आणि त्यांपैकी एकही त्याच्या हाती जात नव्हता. पगारपावतीच्या दोन प्रतींपैकी एक कामगारासाठी म्हणून छापलेली असे. तिच्यावरही त्याचा अंगठा घेऊन ती आम्हीच आमच्या गठ्ठ्यात बांधून ठेवीत होतो! कागद वाढला की हिशेब चोख होतो, हा आमचा समज होता. प्रत्यक्षात कागद वाढला तो आमच्या संरक्षणासाठी, आणि त्या गर्दीत चूक सुखाने लपून बसली.

हे असे का झाले, याचा आम्ही विचार केला. आमच्या तीर्थरूपांच्या काळी पेढीवर पगाराची एकच वही असे. मुक्तीपूर्वीच्या त्या वहीत रुपये आहेत आणि १९५९ नंतरच्या पानांवर पोर्तुगीज एस्कुदोही आहेत; डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पुढील पानांवर भारतीय रुपये आले. परंतु वही तीच, प्रत्येक माणसाचे पान एक. उचल, हजेरी, पगार आणि बाकी एकाच ठिकाणी. दिवाळीस ती वही पूजेला बसे, म्हणून तिच्यात खोटे लिहिण्याचा धीर कोणास होत नसे. पुढे कायदे आले, ते आवश्यकच होते. त्यांबरोबर नमुने आले. झेरॉक्सचे यंत्र आले आणि प्रत काढणे स्वस्त झाले. शेवटी संगणक आला. संगणकाने कागद कमी होईल असे सर्वांस वाटले होते. आमच्याकडे तर त्याने तो वाढविला, कारण पडद्यावर दिसेल ते छापून ठेवल्यावाचून आम्हांस चैन पडेना.

"पण सरकारच कागद मागते," असे आपल्यापैकी पुष्कळांचे म्हणणे असते. आम्ही आमच्या कर-सल्लागारांकडून या बाबतीत माहिती करून घेतली, ती येथे थोडक्यात देतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकातील नोंदीस कायदेशीर मान्यता दिली, त्याला आता पाव शतक उलटले. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने निरनिराळ्या कामगार कायद्यांखालील ५६ नोंदवह्यांच्या जागी ५ सामायिक नोंदवह्या आणल्या आणि त्या संगणकावर ठेवण्यास मुभा दिली. त्याच वर्षी १९३६ च्या वेतन कायद्यात दुरुस्ती होऊन, कामगाराची लेखी संमती न घेताही पगार धनादेशाने वा बँक खात्यात देण्याची वाट खुली झाली. २०१९ साली संसदेने वेतन संहिता संमत केली. वेतन, किमान वेतन, बोनस व समान मोबदला या चार जुन्या कायद्यांची जागा तिने घेतली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तीत बँकेमार्फत वा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पगार देणे मान्य आहे. नोंदवही ठेवणे आणि कामगारास पगारपावती देणे मात्र मालकाचे कर्तव्य आहे.

या संहितेतील आणखी एक तरतूद प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानी ठेवावी. पगार मिळाला नाही वा कमी मिळाला अशी तक्रार कामगाराने केली, तर तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. म्हणजे नोंद ही ठेवलीच पाहिजे. परंतु वाळवीने खाल्लेला अंगठा हा पुरावा नव्हे. बँकेच्या खात्यातून गेलेली रक्कम तारीख, वेळ व नाव यांसह दोन्ही बाजूंच्या हाती राहते. रोखीने पाच हजारांवर पगार दिला तर पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट चिकटवावे लागते. आणि आयकराच्या दृष्टीने एका व्यक्तीस एका दिवसात रोखीने देण्याच्या खर्चाची मर्यादा २०१७ पासून वीस हजारांवरून दहा हजारांवर आली आहे. सारांश, सरकार कागद मागते ही आपली सबब आता अर्धीच खरी उरली आहे. सरकार नोंद मागते. नोंद आणि कागद यांत आपणच घोटाळा करीत आलो.

हमालांच्या मजुरीचा विषय निघाला म्हणून शेजारच्या महाराष्ट्राकडे पाहिले पाहिजे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांची चळवळ उभी राहिली, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या व्यवस्थेत व्यापारी मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगारास पोहोचविते. व्यापारी मंडळींची तिच्याविषयी तक्रार असते, हे आम्ही जाणतो. तो वाद येथे काढावयाचा नाही. आमच्या गोव्यात तो कायदा लागूही नाही. परंतु त्यातील एक तत्त्व आम्हांस पटते : ज्याने पोते उचलले त्याच्या मजुरीचा हिशेब एकट्या मालकाच्या कपाटात नसावा.

आता दुसरी बाजू. कागद सोडून सर्व काही यंत्रावर टाकावे आणि निर्धास्त व्हावे, असे मानणाऱ्या तरुण मंडळींनाही आमचे चार शब्द आहेत. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास आग लागली, काहींचे प्राण गेले आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. केवळ कागदावर विसंबणे किती धोक्याचे, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. परंतु त्याच महाराष्ट्रात शिक्षकांच्या पगारासाठी 'शालार्थ' नावाची संगणकीय प्रणाली आहे. २०१८ च्या प्रारंभी ती बंद पडली आणि कित्येक महिने पगाराची देयके पुन्हा जुन्या पद्धतीने द्यावी लागली. पुढे २०२५ साली नागपुरात बनावट शालार्थ क्रमांकांच्या आधारे अपात्र माणसांच्या नावे पगार काढले गेल्याचे प्रकरण उघडकीस येऊन गुन्हे दाखल झाले व अधिकाऱ्यांना अटक झाली. तात्पर्य हे की, आग कागदास लागते तशी अप्रामाणिकपणाची कीड यंत्रासही लागते. पडदा चकचकीत असला म्हणून त्यामागील आकडा खरा ठरत नाही.

कागद टिकतो आणि यंत्र बिघडते, असे आमचे काही समवयस्क म्हणतात. त्यांस आम्ही मूडबिद्रीची आठवण करून देतो. धवला टीकेच्या ताडपत्री प्रती तेथे शतकानुशतके सुरक्षित राहिल्या, यात ताडपत्राचा गुण थोडा आणि राखणाऱ्यांची निष्ठा अधिक. आणि तरीही, ती पाने जीर्ण होत आहेत हे ओळखून जाणत्या मंडळींनी त्यांच्या नकला करून घेतल्या, म्हणूनच १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांना अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध करता आला. ग्रंथ जगला तो एकाच ठिकाणी कुलूपबंद राहिल्यामुळे नव्हे; योग्य वेळी त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी गेली, म्हणून जगला. कोठे ग्रंथराज आणि कोठे आमचे पगारपत्रक! परंतु जपणुकीचा नियम दोहोंस एकच आहे.

रानाचाही एक शब्द बोलला पाहिजे. आमच्या सरहद्दीपलीकडे, काळी नदीच्या काठी दांडेली येथे १९५५ साली स्थापन झालेली कागदाची गिरणी आहे. तेथील जंगलातील बांबू दीर्घकाळ कागदासाठी तोडला गेला. गिरण्यांस बांबू सरकारकडून नाममात्र दराने मिळे आणि बुरुडास तो बाजारभावाने विकत घ्यावा लागे, ही कर्नाटकातील जुनी कहाणी आहे. आम्ही धान्याचे व्यापारी. सूप, डालगे आणि टोपली यांवाचून आमच्या वाडवडिलांचा एक दिवस गेला नाही. बुरुडाच्या हातचा बांबू आमच्या गाठोड्यांत वाळवीचे अन्न व्हावा, हा व्यवहार शहाणपणाचा खास नव्हे. आता गिरण्या लागवडीचे लाकूडही वापरतात हे खरे. परंतु जे कोणी वाचणारच नाही, त्यासाठी लागवडीचे तरी झाड का पाडावे?

असो. गेल्या दोन वर्षांत आम्ही आमच्या पेढीवर काय केले ते सांगतो. यात आमची बढाई नाही; पुष्कळ गोष्टी चुकतमाकत शिकलो.

पहिली गोष्ट अशी की, एक आकडा एकदाच लिहावयाचा. हजेरी एका बांधीव वहीत, आणि तेथून संगणकात. पगारपत्रक, कपाती व पावत्या संगणक स्वतः तयार करतो. कच्चा-पक्का हा भेद आम्ही काढून टाकला. कच्च्यात खाडाखोड आणि पक्क्यात सफाई, या पद्धतीतच अर्धे घोटाळे दडलेले असतात.

दुसरी, उचलीची सुटी चिठ्ठी आमच्या पेढीवर बंद आहे. उचलीची एकच बांधीव वही गल्ल्यावर असते. मालक असो वा चिरंजीव, पैसे देणाऱ्याने तेथेच नोंद करावयाची आणि त्याच क्षणी कामगाराच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठवावयाचा : आज इतकी उचल, एकूण बाकी इतकी.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, पगारपावती कामगाराच्या हाती गेली पाहिजे आणि त्यास वाचता येईल अशा भाषेत गेली पाहिजे. आमच्या चौदांपैकी नऊ जणांस ती भ्रमणध्वनीवर जाते. उरलेल्या पाचांनी कागदच मागितला. त्यांस तो छापून देतो. त्यासाठी त्यांस कोणी हसत नाही. कागद कमी करावयाचा तो आपल्या कपाटातील. दुर्बळाच्या हातातील एकुलता कागद काढून घेणे ही काटकसर नव्हे.

चौथी, महिनाअखेर पगारपत्रकाची एकच प्रत छापून, तिच्यावर आमची व मुनिमांची सही होऊन ती बांधीव संचिकेत जाते. तीच नोंद संगणकाशिवाय दुसऱ्या एका ठिकाणी, पेढीच्या बाहेर, ठेवलेली असते. वाळवंटी असो वा वाळवी, दोन्ही प्रती एकाच वेळी नष्ट होऊ नयेत.

पाचवी, जो नोंद करतो त्यानेच मंजुरी द्यावयाची नाही. नोंद मुनिमांची, मंजुरी आमची. आणि वर्षातून दोनदा आम्ही पगारपत्रक हाती घेऊन वखारीत जातो व नावे पुकारतो. चौदा नावांना चौदा माणसे 'ओ' देतात की नाही, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

सहावी, जुने कागद रद्दीत विकावयाचे नाहीत. यापूर्वी आम्ही ते विकले आहेत, आणि आमच्याच एका नोकराच्या नावाचा, बँक खात्याच्या क्रमांकाचा व अंगठ्याचा कागद शेंगदाण्याच्या पुडीच्या रूपाने बाजारात पाहिला आहे. मुदत संपली की नाही हे सल्लागारास विचारून, मगच ते बारीक फाडून नष्ट करावे.

या व्यवस्थेनंतर आमचे महिन्याचे कागद ९६ वरून ८ वर आले : हजेरीचे एक पान, उचलवहीचे एक, पगारपत्रक एक आणि पगारपावत्या पाच. मुनिमांच्या चार दिवसांचे काम एका दिवसावर आले. मुनिमांची नोकरी जाईल, ही त्यांची स्वतःची पहिली भीती होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. वाचलेला वेळ म्हणजे वाचलेला माणूस, असे मानणारे व्यापारी आहेत. आम्ही तसे केले नाही. उरलेल्या दिवसांत ते उधारीच्या वसुलीकडे पाहतात, आणि आमची थकलेली येणी जेवढी त्यांनी या दोन वर्षांत आणली, तेवढी आधीच्या पाच वर्षांत आली नव्हती.

आता त्या हमालाविषयी. त्याच्याकडे साधा भ्रमणध्वनी आहे. संदेश तो वाचू शकत नाही. परंतु जिच्या शाळाप्रवेशासाठी त्याने उचल घेतली होती, ती त्याची मुलगी आता सारे वाचते. नवी पद्धत सुरू झाल्यापासून तिसऱ्याच महिन्यात आमच्या मुनिमांस तिचा दूरध्वनी आला : "काका, बाबांची बावीस तारखेची हजेरी राहिली आहे. त्या दिवशी बेळगावची गाडी रात्री आली होती, बाबा उशिरा घरी आले होते." मुनिमांनी वही पाहिली. चोर्ला घाटात अडकलेली गाडी खरोखरच रात्री पोहोचली होती आणि तिची हजेरी लिहावयाची राहून गेली होती. नोंद दुरुस्त केली, फरक दुसऱ्या दिवशी जमा केला.

खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हांस थोडा रागच आला होता. एवढीशी पोर आमचा हिशेब तपासते! जेवणाच्या वेळी हे घरी सांगितले, तेव्हा आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "पण हिशेब कोणाचा चुकला होता?" त्यानंतर आम्ही काही बोललो नाही. ग्राहकाने मापात खोट दाखविली तर आपण पुन्हा माप घालून देतो आणि त्यात कमीपणा मानीत नाही. मग मजुरीचे माप पुन्हा घालून देण्यात कमीपणा तो कसला?

म्हणून आमची संघास एक नम्र सूचना आहे. सभासदांसाठी एक साधी, एका पानाची पगारपावती आणि उचलीच्या संदेशाचा नमुना तयार करावा. मराठी, कोंकणी, कन्नड आणि हिंदी या चार भाषांत. आपल्या बाजारपेठेतील हमालांपैकी किती जण घरी कोणती भाषा बोलतात, हे आपण सर्व जाणतो. ज्यांच्याकडे संगणक नाही अशा लहान दुकानदारांस ही नोंद कशी ठेवावी हे शिकविण्याची जबाबदारी संघातील तरुणांनी घ्यावी. वर्षातून दोन रविवार पुरेत. या कार्यास फारसे द्रव्य लागणार नाही. जे लागेल त्यातील आमचा वाटा आम्ही आनंदाने देऊ.

येत्या दिवाळीस आपण नित्याप्रमाणे वह्या पूजेला मांडू. कोणाच्या पाटावर लाल कापडाची वही असेल, कोणाच्या पाटावर संगणक असेल. आमच्या पाटावर दोन्ही असतील. गेल्या दिवाळीस आम्ही तेथे उचलीची वहीही ठेवली, आणि गंध लावण्यापूर्वी तिची पाने एकदा उलटून पाहिली. ज्या नोंदीपुढे आपण हात जोडणार, ती नोंद ज्याच्याविषयी आहे त्या माणसास वाचून दाखविता येईल ना, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाने त्या दिवशी आपल्या मनास विचारावा. उत्तर होकारार्थी आले, तर कागद एक असो वा शंभर, पेढीचा हिशेब चोख आहे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.